जुन्या लष्करी रायफली: संग्रह, देखभाल आणि नेमबाजी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. परवाना, बोअरचा (नळीच्या व्यासाचा) वर्ग, काडतुसांची मर्यादा हे नियम देशागणिक बदलतात. रायफल पसंत करण्याआधी आपल्या ठिकाणचा कायदा पाहा. खाली जे आहे ते फक्त रायफलीबद्दल.

पहिली रायफल कोणती घ्यावी?

ज्या रायफलीची काडतुसे तुम्हाला नियमित मिळतील ती. देखणी रायफल भिंतीवर टांगून ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी, पण नेमबाजी करायची असेल तर काडतूस आधी, रायफल नंतर.

नवख्याला सांभाळून घेणाऱ्या चार-पाच रायफली आहेत. ली-एनफिल्ड (एसएमएलई मार्क ३, १९०७, आणि दुसऱ्या महायुद्धातली नं. ४) .३०३ काडतूस वापरते. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) गुळगुळीत चालतो, मॅगझिन दहाचे आणि सुटे भाग पुष्कळ. मोसिन-नागांत (१८९१, नंतरची ९१/३०) दणकट आहे, पण बोल्ट आणि चाप दोन्ही राकट. जर्मन कार ९८के (१९३५) मध्ये माउझरची सगळी गुणवत्ता आहे आणि बनावट मालही सर्वांत जास्त तिच्याच वाट्याला आलाय. स्वीडिश एम ९६ (६.५×५५) आणि स्विस के ३१ (७.५×५५) या दोघी अचूकतेत बाकीच्यांच्या पुढे. के ३१ चा बोल्ट फिरवावा लागत नाही, सरळ मागे ओढायचा. तिचे मूळचे जीपी ११ काडतूस क्षारमुक्त प्रायमरचे (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीचे) आहे, त्यामुळे साफसफाईची निम्मी डोकेदुखी वाचते.

आमचा कल विचाराल तर निव्वळ कागदावर छिद्रे पाडायची असतील तर एम ९६ किंवा के ३१, आणि इतिहासाची ओढ असेल तर ली-एनफिल्ड.

विकत घेण्याआधी काय काय बघायचं?

आधी रिकामी आहे ना ते पाहा: बोल्ट मागे, मॅगझिन रिकामे, चेंबरमध्ये (नळीच्या काडतूस बसणाऱ्या मागच्या भागात) बोट. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघा. मधोमध काहीतरी अडकलेले असणे अजिबात दुर्मीळ नाही. वाळलेले ग्रीस, चिंधीचा बोळा, कधी गजाचा तुटलेला तुकडाही सापडतो.

नळी काळपट दिसली म्हणून लगेच नाक मुरडू नका. ग्रीसखाली गोळीला फिरकी देणाऱ्या चांगल्या खाचा दडलेल्या असतात. घासल्यावर आतला पृष्ठभाग किंचित खरखरीत, धुरकट राहिला तरी चालतो. खाचांच्या कडा धारदार असतील तर अशी नळी छान मारते, फक्त तांबे लवकर साठते. खोल खड्डे आणि चेंबरपुढची झिजलेली सुरुवात ही खरी अडचण.

नळीचे तोंड भिंग घेऊन पाहा. बहुतेक रायफली गोळ्यांनी नाही, गजाने आणि दोरीने झिजल्यात. सैनिकाने पुलथ्रूची (नळीतून कापड ओढून साफ करायची) दोरी तिरकी ओढली की तोंडाला एका बाजूला घळ पडते, आणि गोळी बाहेर पडताना तिच्यामागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो. साधी चाचणी: गोळीसकटचे निकामी, बिनदारूचे काडतूस उलटे धरून गोळी नळीच्या तोंडात घाला. गोळी पुंगळीपर्यंत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यापर्यंत) सहज आत गेली तर तोंड झिजलेले आहे. पण काही मोसिनचे तोंड दुरुस्ती कारखान्यात आतून कोरून मागे घेतलेले असते. तिथे ही चाचणी फसवी ठरते, उजेडात पायरी दिसते का ते पाहा.

लाकडात तीन जागा बघा: मनगटाशी (दस्त्याचा बारीक भाग), रिकॉइल (झाडतानाचा धक्का) सोसणाऱ्या लगच्या (धातूच्या उंचवट्याच्या) मागे, आणि पुढच्या पट्टीच्या टोकाला. केसासारखी रेघ असेल तर अंगठ्याने दाबून बघा, तेल बाहेर येत असेल तर ती चीर आहे.

"सगळे नंबर जुळतात" याला एवढं महत्त्व का?

कारण मूळ भाग एकत्र राहिलेत याचा तो पुरावा आहे. बोल्टच्या बाबतीत तर तो सुरक्षिततेचाही मुद्दा. ली-एनफिल्डमध्ये नंबर बोल्टच्या मुठीवर आणि रिसीव्हरवर (नळी आणि बोल्ट जिथे बसतात त्या मुख्य सांगाड्यावर) असतो, शिवाय अनेकदा नळीवर, नोजकॅपवर (पुढच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर) आणि पुढच्या लाकडाच्या आतल्या बाजूला. कार ९८के मध्ये छोट्या स्क्रूपर्यंत नंबराचे शेवटचे दोन अंक सापडतात. निर्मात्याचा संकेत रिसीव्हरच्या रिंगवर: बीवायएफ म्हणजे ओबर्नडॉर्फचे माउझर, बीएनझेड म्हणजे श्टायर, डीओटी म्हणजे ब्रनो.

जुळवलेले नंबर आणि जुळणारे नंबर यांत फरक आहे. जुना नंबर घासून किंवा ठोकून मिटवला की तिथली पातळी किंचित खाली जाते. बोटाच्या नखाला ती लागते. सोव्हिएत दुरुस्ती कारखान्यांनी मात्र असे उघडपणे केले: जुन्या नंबरावर रेघ मारली, नवा इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरला आणि चौकोनातली तिरकी रेघ हा दुरुस्तीचा शिक्का मारला. ती फसवणूक नाही, तो त्या रायफलीचा खरा प्रवास आहे. मूळ जुळणाऱ्या रायफलीच्या किमतीला मात्र ती घेऊ नका.

कोणत्या रायफलीतून गोळी झाडूच नये?

ही यादी पाठ असलेली बरी.

ली-एनफिल्डवर 'डीपी' असा ठसा असेल तर ती कवायतीची. अनेकदा नळीला किंवा चेंबरला भोक पाडलेले असते, नसले तरी ती गोळीबारासाठी अयोग्य ठरवलेली आहे. 'ईवाय' ठसा म्हणजे फक्त आणीबाणीत, मुख्यतः ग्रेनेड फेकण्यासाठी राखलेली. अमेरिकन १९०३ स्प्रिंगफील्डमध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या रिसीव्हरांना उष्णता देताना चूक झाली होती. पोलाद ठिसूळ राहिले आणि काही रिसीव्हर फुटले. अशी रायफल संग्रहात ठेवा, झाडू नका. जपानच्या प्रशिक्षणाच्या रायफली आरिसाका या जपानी लष्करी रायफलीसारख्याच दिसतात, पण कित्येकांचे रिसीव्हर ओतीव लोखंडाचे आणि नळीला खाचा नाहीत. त्या फक्त बिनगोळीच्या, आवाजी काडतुसांसाठी होत्या.

आणि जर्मन ८ मिमीचा घोळ. सुरुवातीच्या मॉडेल ८८ रायफलींच्या नळीसाठी गोळीचा व्यास ८.०८ मिमी होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या 'एस' गोळीचा ८.२० मिमी. पुंगळी जवळपास सारखीच, म्हणून मोठी गोळी जुन्या चेंबरमध्ये बसूही शकते. दाब मग कुठल्या कुठे जातो. ८८ ची नळी मोजल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये.

नळी मोजायची कशी?

शुद्ध, मऊ शिशाची गोळी घ्या, नळीपेक्षा किंचित मोठी. मासेमारीचे शिसेही चालते. नळीला तेलाचा हात द्या, लाकडी हातोडीने शिसे तोंडातून आत बसवा आणि पितळी किंवा लाकडी दांड्याने ठोकत पलीकडे काढा. उमटलेल्या उंच भागांवर मायक्रोमीटर लावा. समोरासमोर खाचा असतील तर सोपे आहे. ली-एनफिल्डच्या पाच खाचांना समोरासमोर जोडी मिळत नाही, तिथे शिसे हळूहळू फिरवत सर्वांत मोठे माप धरा.

हेडस्पेस म्हणजे नेमकं काय, आणि ते तपासलंच पाहिजे का?

बोल्ट बंद असताना काडतुसाला पुढे-मागे हलायला किती जागा उरते ते हेडस्पेस. जागा जास्त झाली की झाडताना पुंगळीची भिंत पुढे चेंबरला चिकटते, बूड मागे सरकते आणि पुंगळी बुडाच्या थोडी वर तुटते. मग गरम वायू मागे येतो. अनोळखी रायफलीचे हेडस्पेस तपासायचेच, यात सवलत नाही.

त्यासाठी गो, नो-गो आणि फील्ड असे तीन गेज असतात. चेंबर पूर्ण साफ करा, बोल्टमधून फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) आणि शक्य तिथे एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) काढा, गेज ठेवा आणि मूठ एका बोटाने खाली न्या. जोर लावलात तर गेजही खराब होतो आणि उत्तरही खोटे येते. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा. नो-गो गेजवर होऊ नये. लष्करी चेंबर मुळात सैल असल्याने नो-गोवर बंद होऊन फील्डवर अडला तरी बहुतेक सैन्ये रायफल चालू ठेवत. फील्डवरही बंद झाला तर विषय संपला, ती बंदूकसाजाकडे.

.३०३ मध्ये माप रिमवर (काडतुसाच्या बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर) घेतात: गो ०.०६४ इंच, लष्करी फील्ड ०.०७४ इंच. नं. ४ च्या बोल्टहेडवर (बोल्टच्या सुट्या पुढच्या टोकावर) ०, १, २, ३ असे क्रमांक असतात. क्रमांक वाढला की लांबी वाढते. पण एका क्रमांकाची मापे दुसऱ्यात सरमिसळतात, त्यामुळे मोजून बदला. एसएमएलईचे बोल्टहेड क्रमांकाचे नसतात.

मोसिनमध्ये आणखी एक माप घ्या: फायरिंग पिन किती बाहेर येते. तिच्यासोबतच्या अवजारावर ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात, म्हणजे ०.०७५ आणि ०.०९५ इंच. ९५ च्या खाचेतून पिन जायला हवी आणि ७५ च्या खाचेत अडायला हवी. जास्त बाहेर असेल तर प्रायमर फोडते, कमी असेल तर काडतूस उडतच नाही. पिनच्या मागच्या टोकाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून पिन फिरवली की माप जुळते.

रायफल ग्रीसमध्ये बुडवल्यासारखी आलीय. कशी काढू?

त्या ग्रीसला कॉस्मोलिन म्हणतात. ते गरमीने पातळ होते, त्यामुळे निम्मे काम उष्णतेने आणि निम्मे विद्रावकाने करा.

रायफल पूर्ण सोडवा. धातूचे भाग मिनरल टर्पेंटाइनमध्ये किंवा रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, हवा खेळती ठेवा, जवळ ज्योत नको. पेट्रोल वापरू नका. छोटे भाग उकळत्या पाण्यातही सुटतात, पण बाहेर काढल्याक्षणी पुसून तेल लावा. लाकूड काळ्या पिशवीत, जुन्या कापडात गुंडाळून उन्हात ठेवा. तासाभराने घाम आल्यासारखे ग्रीस वर येते, पुसा, परत ठेवा. लाकूड विद्रावकात बुडवायचे नाही.

आणि एक जागा कुणी विसरू नये: बोल्टच्या आतली, फायरिंग पिनची वाट. एसकेएससारख्या अर्धस्वयंचलित रायफलीत बहुतेक पिना मोकळ्या, स्प्रिंगविना असतात. आतले ग्रीस घट्ट झाले की पिन पुढे अडकून राहते आणि बोल्ट बंद होताच चाप न ओढता काडतूस उडते, कधी एकामागून एक. पहिल्या गोळीबाराआधी बोल्ट उघडून साफ करा, मग हलवून बघा. पिन आत खुळखुळायला हवी.

मोसिनचा बोल्ट चार गोळ्यांनंतर उघडतच नाही. हातोडी मारावी का?

हातोडी नको, चेंबर साफ करा. चेंबरमध्ये वाळलेले कॉस्मोलिन किंवा काही काडतुसांवरचे लॅकर गरम झाले की गोंदासारखे होते. २० गेजचा शॉटगनचा पितळी ब्रश गजाच्या तुकड्यावर लावा, विद्रावकात भिजवून ड्रिलने हळू फिरवत मिनिटभर चेंबर घासा, पुसा, पुन्हा करा. ब्रश नळीच्या खाचांत जाऊ देऊ नका.

दस्ता मळका आणि ठेचलेला आहे. घासून नवा करू का?

काचकागद हातात घेऊ नका. त्यावरचे तपासणीचे शिक्के, तुकडीचे क्रमांक, लाकूड-धातूची सपाट गाठ हे सगळे एका दुपारी जाते, आणि त्यासोबत किमतीचा मोठा वाटाही.

मळ टर्पेंटाइन आणि मऊ कापडाने निघतो. लाकडातले तेल ओढून घ्यायला खडूची भुकटी विद्रावकात कालवून लेप द्या, वाळला की ब्रशने झाडा. ठेचेवर ओले कापड ठेवून गरम इस्त्रीचे टोक काही सेकंद टेकवा, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. शिक्क्याजवळ मात्र वाफ देऊ नका, तोही दबलेला ठसाच आहे. शेवटी कच्चे जवसाचे तेल तळहाताने पातळ चोळा, वीस मिनिटांनी उरलेले पुसा, दिवसभर थांबा, दोन-तीनदा करा.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेटतो. पाण्यात भिजवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

एसएमएलई सोडवताना क्रम महत्त्वाचा आहे. मागच्या दस्त्याचा लांब बोल्ट फिरवण्याआधी पुढचे लाकूड काढलेच पाहिजे. त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते, तसाच फिरवला की लाकूड चिरते. बाजारातली चिरलेली पुढची लाकडे बरीचशी याच घाईची फळे.

गंज दिसतोय. नवी निळाई (पोलादावरचा गडद निळा थर) चढवू का?

नको. तांबडा गंज असेल तर तेल आणि सर्वांत बारीक, चार शून्याचे स्टील वूल, हलक्या हाताने. हट्टी गंज असलेला सुटा भाग डिस्टिल्ड पाण्यात वीस-तीस मिनिटे उकळा, तांबडा गंज काळा होतो. मग तेल काढलेल्या स्टील वूलने भुकटी झाडा आणि तेल लावा. घासून काढलेला मूळ रंग परत येत नाही, आणि जाणकार तो पहिल्या नजरेत ओळखतात.

जुनी काडतुसे नळी खातात असं म्हणतात. खरं आहे का?

खरे आहे, पण दोष दारूचा नसून प्रायमरचा आहे. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाचाच भाऊ. ते नळीत बसते, हवेतली ओल ओढते आणि दमट हवेत रात्रभरात गंज पकडते. पूर्व युरोपातले जुने लष्करी काडतूस हाती आले की ते क्षारयुक्तच समजून चाला. अमेरिकन .३०-०६ मध्ये हा प्रायमर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत होता. अमेरिकन बनावटीच्या .३० कार्बाइन काडतुसात तो कधीच नव्हता.

मीठ तेलात विरघळत नाही, नळी साफ करायच्या नेहमीच्या द्रवातही नीट विरघळत नाही. ते पाण्यात विरघळते. काच पुसायचा अमोनियावाला फवारा वापरणाऱ्यांनाही यश येते ते त्यातल्या पाण्यामुळे.

त्याच दिवशी हे करा. बोल्ट काढा. नळीचे तोंड बादलीत टेकवून चेंबरमधून नरसाळ्याने अर्धा लिटर कडकडीत पाणी ओता. लाकडात पाणी जाऊ देऊ नका. गरम नळी स्वतःच वाळते, हाच कडकडीत पाण्याचा फायदा. बोल्टचे तोंड, एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिनचे टोक ओल्या चिंधीने पुसा. कोरड्या चिंध्या फिरवा, मग नेहमीचा द्रव, ब्रश, पुन्हा चिंध्या, शेवटी तेल. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून बघा. तपकिरी आली तर पुन्हा पाणी. अमेरिकन अर्धस्वयंचलित गॅरंड आणि एसकेएसमध्ये गॅस सिलिंडर आणि पिस्टनलाही हेच सगळे लागते, आणि तिथेच लोक आळस करतात.

गज शक्यतो चेंबरकडून घाला. गॅरंडमध्ये ते जमत नाही, तेव्हा तोंडाला पितळी गाइड लावा. पुलथ्रू वापरत असाल तर कापड चार बाय दोन इंचाचे, आणि दोरी नळीच्या रेषेत सरळ.

गॅरंडमध्ये बाजारातलं कोणतंही .३०-०६ चालेल?

चेंबरमध्ये बसेल, पण रायफल ते सोसेलच असे नाही. ही रायफल १५० ग्रेनच्या (गोळीचे वजन) लष्करी एम २ काडतुसाच्या आसपास जुळवलेली आहे. १८० ग्रेन आणि वरच्या शिकारी काडतुसांतली संथ जळणारी दारू गॅस-छिद्रापाशी जास्त दाब देते आणि लांबलचक ऑपरेटिंग रॉड (बोल्ट चालवणारा दांडा) वाकतो. गॅरंडसाठी म्हणून विकलेली काडतुसे घ्या, किंवा वायू सोडणारा बदली गॅस प्लग बसवा. सुटे काडतूस चेंबरमध्ये ठेवून बोल्ट सोडू नका, आठच्या क्लिपमधूनच भरा. आणि अंगठा सांभाळा, भरताना बोल्ट अचानक पुढे येतो.

चाप ओढला, "खट" झालं, काडतूस उडालं नाही. पुढे काय?

रायफल खांद्यावर, तोंड लक्ष्याकडेच. तीस सेकंद थांबा. जुन्या काडतुसांत उशिरा उडणे होते. मग चेहरा बाजूला ठेवून बोल्ट उघडा. ली-एनफिल्ड आणि मोसिनच्या बोल्टमागचा कॉकिंग पीस हाताने मागे ओढून दुसरा ठोका देता येतो, तोही तीस सेकंदांनीच. आवाज बारीक आला, धक्का जाणवला नाही, तर थांबा आणि नळीतून उजेड दिसतो का ते बघा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फाटते.

१०० मीटरवर माझ्या गोळ्या वीतभर वर जातात. रायफल बिघडलीय का?

बहुधा नाही. स्वीडिश एम ९६ ची साइट (नेम धरायचे साधन) सुरूच ३०० मीटरपासून होते. सोव्हिएत ९१/३० संगीन लावून नेमात आणलेली असते, संगीन काढली की गोळीची जागा बदलते.

फ्रंट साइट नेहमी चूक ज्या दिशेला त्याच दिशेने हलवायची: गोळ्या उजवीकडे पडतात तर ती उजवीकडे, वर पडतात तर ती उंच करायची. किती, त्याचे गणित असे: दोन साइटमधले अंतर गुणिले चूक, भागिले लक्ष्याचे अंतर. ९१/३० मध्ये साइटमधले अंतर सुमारे ६२० मिमी. १०० मीटरवर १५ सेंमी चूक असेल तर ६२० × १५० ÷ १,००,००० म्हणजे ०.९३ मिमी. मोसिनच्या बारीक खांबावर वायरच्या प्लास्टिक आवरणाचा तुकडा चढवून उंची वाढवता येते. नको झाले तर ओढून काढा, रायफलीला ओरखडाही नाही. एम ९६ साठी वेगवेगळ्या उंचीच्या फ्रंट साइट मिळतात. हातोडी मारायची वेळ आली तर पितळी दांड्यावर, आणि आधी पेन्सिलची खूण करून.

किती अचूकता अपेक्षित धरावी?

१०० मीटरवर एक एमओए (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २.९ सेंमी. लष्करी काडतूस आणि ठीकठाक नळी यांत पाच गोळ्या ८ ते ११ सेंमीत पडल्या तर रायफल निरोगी आहे. चांगली के ३१ किंवा एम ९६ याच्या निम्म्यात टाकते.

नं. ४ विखुरायला लागली तर नळीआधी लाकूड बघा. पुढच्या लाकडाचे टोक नळीला खालून वर साधारण १ ते ३ किलोच्या जोराने दाबत असायला हवे. नळी हाताने वर उचला आणि सोडा, ती परत लाकडावर ठाम बसली पाहिजे. लाकूड वाळून आकसले किंवा तेलाने मऊ झाले की हा दाब जातो. मुख्य स्क्रू सैल असणे हे त्याहून साधे कारण.

.३०३ ची काडतुसे मॅगझिनमध्ये एकमेकांना अडकतात.

रिममुळे. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे असायला हवी. पाचचा चार्जर (पाच काडतुसांची पत्र्याची पट्टी) भरताना हा क्रम आधीच लावून घ्या. हाताने भरताना प्रत्येक नवे काडतूस मागे सरकवत नाही, खालच्याच्या रिमच्या पुढे लोटत भरा आणि रिम बघत राहा. तरीही अडकत असेल तर मॅगझिनचे ओठ वाकलेत.

पुंगळ्या पुन्हा भरल्या की तिसऱ्या वेळी तुटतात.

.३०३ चे लष्करी चेंबर ऐसपैस असते आणि पुंगळी प्रत्येक वेळी ताणली जाते. पूर्ण साइझिंग डाय (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) तिला परत मूळ मापात दाबते, मग पुन्हा ताण. फक्त मान साइझ करा आणि त्या पुंगळ्या त्याच रायफलीत वापरा. भरण्याआधी वायरचे टोक बारीक वाकवून पुंगळीत घाला आणि बुडाकडून वर ओढा. खाच लागली किंवा बाहेर चकचकीत कडे दिसले तर ती भंगारात.

ठेवायची कशी?

कातड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत नको, दोन्ही ओल धरून ठेवतात. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे कपाट, त्यात सिलिका जेल. तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल मनगटाच्या लाकडात मुरत नाही. फायरिंग पिनची स्प्रिंग सोडलेली, काडतुसे वेगळ्या कुलपात.

स्कोप बसवायचा आहे. रिसीव्हरला भोके पाडू का?

नाही. रिअर साइटच्या जागी बसणारे, स्क्रू उलटे फिरवले की निघणारे माउंट मोसिन आणि माउझर दोन्हींसाठी मिळतात. लांब आय-रिलीफचा (डोळ्यापासून दूर असतानाही दिसणारा) स्कोप त्यावर बसतो. मूळ साइट आणि तिचे स्क्रू एका पाकिटात घालून त्यावर रायफलीचा नंबर लिहून ठेवा.